घरचा विजय कसा तोलायचा: नागपूरच्या विकेटवरून एक उत्तर

तुझा प्रश्न असा होता: “सर, भारतानं मायदेशात सलग अठरा मालिका जिंकल्या, पण त्या आपल्या सोयीच्या विकेटवर, म्हणून त्यांचे अर्धेच गुण धरावेत असं माझा मित्र म्हणतो. मला ते पटत नाही. पण आधी न्यूझीलंड आणि मग दक्षिण आफ्रिका इथे येऊन धुऊन गेल्यावर माझ्याकडे उत्तरही उरलं नाही. कसोटी संघ किती चांगला हे ठरवताना घरचं आणि बाहेरचं कसं मोजायचं?”

तुझा मित्र ‘कुठे’ यावर अडकलाय. सामना कुठे झाला यापेक्षा कशावर झाला, हे आधी बघायला हवं. मायदेशातही दोन अगदी वेगळ्या विकेट, म्हणजे खेळपट्ट्या, असू शकतात, आणि त्यांवरच्या विजयांची किंमतही वेगळी असते. हे मी नागपुरातच शिकलो, आणि त्यातलं थोडं स्वतः चूक करून.

तीस वर्षं मी इथे पोरांना शिकवतोय. आमच्या मैदानाला वेगळा क्युरेटर परवडत नाही, त्यामुळे विकेटवर पाणी मारणं, रोलर फिरवणं, गवत कापणं हे सगळं मीच करत आलोय. आपली माती काळी, कापसाची. एप्रिल-मे महिन्यांत शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, हे तू पाहिलंच असशील. पाणी प्यायली की ही माती फुगते, वाळली की आक्रसते. रोलरखाली ती घट्ट बसते, पण चेंडूला उसळी फारशी देत नाही. चेंडू थांबून येतो, आणि दिवस जातील तसा खाली राहायला लागतो. मुंबईकडच्या लाल मातीचं वेगळं. तिच्यावर चेंडू उसळतो, आणि फुटायला लागली की लवकर फुटते. गवत किती ठेवायचं आणि शेवटचं पाणी कधी मारायचं, एवढ्या दोन निर्णयांत सामन्याचं बरंचसं भवितव्य ठरतं. आमच्याकडे मॅटिंगवर, म्हणजे अंथरलेल्या चटईवर, धावांच्या राशी घालणारी पोरं पहिल्यांदा टर्फवर, म्हणजे मातीच्या विकेटवर, गेली की खाली राहिलेल्या चेंडूवर पायचीत होतात. गाव तेच, मैदान दोन किलोमीटरवरचं, तरी त्यांच्यासाठी तो परदेश दौराच असतो. सवय ही गोष्ट इतकी बारीक असते.

आता नागपूरच्या कसोट्या घे. ऑक्टोबर २००४. सिव्हिल लाइन्सचं जुनं व्हीसीए (विदर्भ क्रिकेट असोसिएशन) मैदान, समोर ऑस्ट्रेलिया. विकेटवर गवत होतं, इतकं की सामन्याआधी वर्तमानपत्रांत दुसरा विषय नव्हता. सौरव गांगुली आणि हरभजन दोघंही खेळले नाहीत, कप्तानी राहुल द्रविडकडे. ऑस्ट्रेलिया ३९८, आपण १८५. जेसन गिलेस्पीनं सामन्यात नऊ बळी घेतले, डेमियन मार्टिननं ११४ आणि ९७ केल्या, आणि आपण ३४२ धावांनी हरलो. ऑस्ट्रेलियानं पस्तीस वर्षांनी भारतात मालिका जिंकली, ती आपल्या नागपुरात. मी स्टँडमध्ये होतो. चौथ्या दिवशी मैदान रिकामं होताना जो सन्नाटा होता तो मी अजून विसरलो नाही.

त्यानंतर आठवडाही गेला नाही आणि मुंबईत वानखेडेवर त्याच दोन संघांचा पुढचा सामना झाला. तिथे चेंडू पहिल्या दिवसापासून हातभर वळत होता. आपण पहिल्या डावात १०४. ऑस्ट्रेलियाला शेवटी १०७ हव्या होत्या, ते ९३ वर संपले. आपण १३ धावांनी जिंकलो. आता सांग, यातला ‘घरचा भारत’ कोणता? दोन्ही सामने मायदेशातच झाले. तुझ्या मित्राच्या हिशोबानं दोन्हींना सारखंच वजन द्यावं लागेल, आणि दोन्हींबद्दल सारखीच चूक होईल.

त्या मुंबईच्या सामन्यातली एक गोष्ट मी पोरांना नेहमी सांगतो. आपल्या दुसऱ्या डावात मायकेल क्लार्कनं ९ धावांत ६ बळी घेतले. क्लार्क फलंदाज. बदली गोलंदाज म्हणून हात फिरवणारा. असंच २०२१ मध्ये अहमदाबादला झालं: इंग्लंडचा फलंदाज जो रूट, ८ धावांत ५. तो सामना आपण दहा गड्यांनी जिंकला, म्हणून आकडा विसरला गेला. पण ज्या विकेटवर रूट पाच काढतो तिथे अश्विनसारखा मुरलेला फिरकीपटू आणि रूट यांच्यातलं अंतर पुसलं गेलेलं असतं, हे लक्षात घे. माझ्या उत्तराचा गाभा हाच आहे.

हे मला कसं कळलं ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे एक डावखुरा फिरकीपटू होता, वयाच्या मानानं फारच चांगला. शाळांच्या स्पर्धेतला महत्त्वाचा सामना आमच्या मैदानावर होता. मी चार दिवस विकेटला पाणीच दाखवलं नाही, वरचं गवत खरवडून काढलं. मनात हिशोब सोपा होता: आपला पोरगा त्यांना गुंडाळेल. त्यानं सहा घेतलेही. पण समोरच्या संघात एक ऑफस्पिनर होता, ज्याला त्यांच्याच सामन्यांत चार-पाच षटकांपलीकडे गोलंदाजी मिळत नसे. त्यानं आमचे सात काढले. एक चेंडू वळायचा, दुसरा त्याच हातानं, त्याच जागी पडून सरळ जायचा. कोणता काय करेल हे त्यालाही माहीत नव्हतं, आणि म्हणूनच आमच्या पोरांना ते ओळखता येईना. आम्ही हरलो. त्या पोराला हवेत फसवता यायचं, वेग बदलता यायचा, दहा-दहा षटकं एका टप्प्यावर टाकता यायची. ही सगळी कमाई मी त्या चार दिवसांत मातीमोल केली होती. त्याला विकेटनं थोडं उशिरा आणि थोडं कमी दिलं असतं, तर दोघांमधला फरक दिसला असता.

सामना जितका लांब, तितका कौशल्याला वाव जास्त. दीड दिवसात चाळीस बळी पडले तर नाणेफेक, एखादा सुटलेला झेल, एखाद्या शेपटाच्या पंचवीस धावा एवढ्यावर निकाल लागतो. चांगल्या संघाला हे नकोच असतं. घरच्या संघाकडे दोन उत्तम फिरकीपटू असतील तर त्याला हवी असते अशी विकेट, जी दोन दिवस फलंदाजाला साथ देते आणि तिसऱ्या दिवसापासून हळूहळू उलगडते.

आता हे भारताला लावून बघ. २०१६ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडनं मुंबईत पहिल्या डावात ४०० केल्या, चेन्नईत ४७७. दोन्ही सामने ते डावानं हरले. चेन्नईत आपण ७ बाद ७५९ वर डाव सोडला, करुण नायरनं नाबाद ३०३ केल्या. (हाच करुण पुढे विदर्भाकडून खेळला आणि २०२४-२५ च्या रणजी अंतिम सामन्यात नागपूरच्या नव्या जामठा मैदानावर त्यानं शतक ठोकलं.) पाहुण्या संघाला चारशेवर धावा करू देऊनही त्याला डावानं हरवणं, याहून मोठं वर्चस्व मला माहीत नाही. त्या विजयांचे अर्धे गुण कापायला कोणी सांगितलं तर मी त्याच्याशी भांडेन. उलट २०१७ ला पुण्यात विकेटचा कोरडा, वळणारा आखाडा केला, तर ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओ’कीफनं दोन्ही डावांत ३५ धावांत सहा-सहा बळी घेतले आणि आपण ३३३ धावांनी गेलो. २०२३ ला इंदूरला तेच, नॅथन लायननं ८ काढले. २०२४ ला पुण्यात न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरचे तेरा, मुंबईत एजाझ पटेलचे अकरा. २०२५ ला कोलकात्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १२४ चं लक्ष्य असताना आपण ९३ वर सर्वबाद. मायदेशातले हे पराभव एका ओळीत मांडले की दिसतं, विकेट जितकी टोकाची केली तितका पाहुण्यांचा फायदा झाला.

नागपूरच्याच दोन कसोट्या शेजारी ठेव, म्हणजे विजयाचं वजन कसं करायचं ते कळेल.

नोव्हेंबर २०१५, जामठा, दक्षिण आफ्रिका. आपण २१५ आणि १७३. ते ७९ आणि १८५. अश्विननं सामन्यात ९८ धावांत १२ बळी घेतले, सामना तिसऱ्या दिवशी संपला. परदेशात नऊ वर्षं एकही मालिका न हरलेला आफ्रिकेचा संघ इथे हरला. पण संपूर्ण सामन्यात एकाही फलंदाजाचं अर्धशतक नाही. सर्वाधिक मुरली विजयच्या ४०. आयसीसीनं विकेटला ‘निकृष्ट’ शेरा दिला. माझ्या गावाच्या मैदानाला तो शेरा मिळाला याचं मला वाईट वाटलं, आणि तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. अश्विन श्रेष्ठ होता हे खरंच, पण त्या विजयावरून भारताच्या फलंदाजीबद्दल काहीच कळलं नाही. माझ्या लेखी त्या सामन्यातला सगळ्यात चांगला खेळ हरलेल्या संघाचा होता. दुसऱ्या डावात हाशिम आमला आणि फाफ ड्यु प्लेसी यांनी प्रत्येकी ३९ केल्या, त्यासाठी दीडशेहून जास्त चेंडू खेळले. त्या दोघांकडून आमच्या पोरांनी शिकावं म्हणून मी तो डाव पुन्हा पुन्हा दाखवलाय.

फेब्रुवारी २०२३, तेच मैदान, ऑस्ट्रेलिया. सामन्याआधी काहूर उठलं, डावखुऱ्यांच्या टप्प्यावर मुद्दाम कमी पाणी मारलं म्हणून. नाणेफेक ऑस्ट्रेलियानं जिंकली, फलंदाजी घेतली, म्हणजे विकेटचा सगळ्यात चांगला काळ त्यांना मिळाला. १७७ सर्वबाद, जडेजाचे पाच. मग त्याच विकेटवर आपण ४०० केल्या. रोहित १२०, अक्षर ८४, जडेजा ७०. त्यांच्या टॉड मर्फीनं पदार्पणातच सात घेतले, म्हणजे फिरकीला मदत त्यांच्या गोलंदाजांनाही होतीच. आणि मग दुसऱ्या डावात ते ९१. हाही सामना तीनच दिवसांत संपला, पण २०१५ सारखा नाही. एकाच विकेटवर एक संघ चारशे करतो आणि दुसरा दोनशेच्या आत दोनदा संपतो, तेव्हा फरक मातीत नसतो. मी या विजयाला पूर्ण गुण देतो.

माझी पद्धत ही अशी आहे. सामन्यानंतर मी आधी दोन गोष्टी बघतो: हरणाऱ्या संघानं त्या विकेटवर किती केल्या, आणि जिंकणाऱ्यानं त्याच विकेटवर किती केल्या. दोन्ही आकडे लहान असतील तर निकालातून फारसं काही शिकू नये. एक मोठा आणि एक लहान असेल तर स्थळ कोणतंही असो, तो विजय खरा. परदेशातल्या निकालांनाही हीच फूटपट्टी लाव. जानेवारी २०२४ मध्ये केपटाऊनला दक्षिण आफ्रिका ५५ वर गेली, सिराजचे १५ धावांत सहा. आपण १५३, त्यात शेवटचे सहा बळी शून्य धावांत. सगळा सामना ६४२ चेंडूंत संपला, कसोटीच्या इतिहासातला सगळ्यात छोटा निकाली सामना. आपण जिंकलो, तिथे जिंकणारा पहिला आशियाई संघ ठरलो, मला आनंदही झाला. पण उसळीची विकेट असली म्हणून ती आखाड्यापेक्षा पवित्र होत नाही. आयसीसीनं त्या विकेटलाही असमाधानकारक ठरवलं, ते योग्यच होतं. इकडे धूळ उडाली की खेळपट्टी ‘बनवलेली’, आणि तिकडे चेंडू गळ्यापर्यंत आला की ती ‘अस्सल’, ही भाषा मला कधीच मान्य झाली नाही.

२०२१ चं ब्रिस्बेनचं गॅबा मात्र वेगळं. ऑस्ट्रेलिया तिथे १९८८ पासून हरला नव्हता. आपले पहिल्या पसंतीचे गोलंदाज जवळजवळ सगळे जखमी, नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर यांचं ते पदार्पण. विकेट चांगली, चारही डावांत धावा झाल्या, आणि ३२८ चं लक्ष्य आपण पाचव्या दिवशी गाठलं. असा विजय कुठल्याही देशात, कुठल्याही महिन्यात मिळाला असता तरी एवढाच मोठा ठरला असता.

खेळाडूंच्या बाबतीत घर-बाहेरचा हिशोब अजून अवघड होतो. अश्विनचे ५३७ पैकी ३८३ बळी मायदेशातले, म्हणून त्याला कमी लेखणारे आहेत. मायदेशात ६५ कसोट्यांत ३८३, म्हणजे सामन्याला जवळजवळ सहा. बाहेर ४१ कसोट्यांत १५४, म्हणजे पावणेचार. जेम्स अँडरसनचेही बघ: इंग्लंडमध्ये १०६ कसोट्यांत ४३८, सामन्याला चारच्या वर, बाहेर ८२ कसोट्यांत २६६, सव्वातीनच्या आसपास. घसरण दोघांची आहे, अश्विनची जास्त. पण अश्विनला बाहेर खेळवलं तेव्हा बहुतेकदा एकटा फिरकीपटू म्हणून, धावा रोखायला. २०२१ च्या इंग्लंड दौऱ्यात तर पहिले चार सामने तो बाकावर बसला. अँडरसनला घरी ड्यूक्स चेंडू आणि ढगाळ हवा मिळायची, बाहेर कुकाबुरा, ज्याची शिवण वीस-पंचवीस षटकांत मऊ पडते. आपल्याकडचा एसजी, ड्यूक्स, कुकाबुरा हे तीन चेंडू म्हणजे जवळजवळ तीन वेगळे खेळ आहेत, आणि प्रत्येकजण आपल्या खेळात वाढलेला असतो. ती अप्रामाणिकता नाही.

इथे आपल्या उमेश यादवचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. खापरखेड्याचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, विदर्भाकडून कसोटी खेळणारा पहिला. ५७ कसोट्या, १७० बळी. मायदेशात जिथे वेगवान गोलंदाजाला मातीतून काही मिळत नाही तिथे त्याला बोलवायचं, आणि परदेशात चेंडू हलायला लागला की बऱ्याचदा दुसरे पुढे. ‘बाहेर चालला नाही’ असं त्याच्याबद्दल म्हणताना किती सलग संधी मिळाली हे कोणी मोजत नाही.

आयसीसीच्या संघांच्या क्रमवारीत समोरचा संघ किती तगडा हे धरतात, सामना घरी झाला की बाहेर हे धरत नाहीत. जागतिक कसोटी अजिंक्यपदात प्रत्येकाला तीन मालिका घरी, तीन बाहेर, पण कोणाविरुद्ध हे सारखं नाही. दक्षिण आफ्रिका २०२५ ला लॉर्ड्सवर अजिंक्यपद जिंकली, तेव्हा त्या आवर्तनात तिची ऑस्ट्रेलिया किंवा इंग्लंडशी एकही मालिका नव्हती. म्हणून काहींनी नाकं मुरडली. पाच महिन्यांनी तोच संघ भारतात आला.

आणि इथे तुझ्या प्रश्नातल्या दुखऱ्या भागाकडे येतो. २०१५ च्या त्या जामठ्याच्या सामन्यात आफ्रिकेकडून सायमन हार्मर नावाचा ऑफस्पिनर खेळला होता, पहिल्या डावात त्यानं चार बळी घेतले होते. नंतर तो संघाबाहेर गेला, इंग्लंडमध्ये एसेक्सकडून काउंटीत वर्षानुवर्षं षटकं टाकत राहिला. दहा वर्षांनी, छत्तिशीत, तो भारतात परत आला. कोलकात्याला आठ बळी, गुवाहाटीला नऊ. कोलकात्याच्या बळींचं थोडं श्रेय मी विकेटला देईन. गुवाहाटीचं देणार नाही. तिथे आफ्रिकेनं आधी ४८९ केल्या. सहा फूट आठ इंचांच्या यान्सेननं त्याच विकेटवर उसळत्या चेंडूंनी सहा बळी घेतले. आपण २०१ आणि १४०. पराभव ४०८ धावांनी, भारताच्या इतिहासातला धावांच्या फरकानं सगळ्यात मोठा. त्याआधीचा विक्रम आपल्या नागपूरचा होता, ते ३४२.

माझ्या फूटपट्टीनं गुवाहाटीचा निकाल पूर्ण गुणांचा आहे, आफ्रिकेच्या बाजूनं. त्यासाठी तुझ्या मित्राचंही ऐकायचं कारण नाही, कारण त्याच २०२५ च्या उन्हाळ्यात आपल्या याच संघानं इंग्लंडमध्ये मालिका २-२ अशी सोडवली. एजबॅस्टनला आपण कधीच जिंकलो नव्हतो, तिथे शुभमन गिलच्या २६९ आणि १६१ धावांवर ३३६ धावांनी जिंकलो. ‘घरचे वाघ’ हे नाव या संघाला बसतच नाही. बाहेर चांगल्या विकेटवर तो टिकतो आणि घरी वळणाऱ्या चेंडूसमोर कोसळतो. आपले आघाडीचे फलंदाज रणजीत फार कमी खेळतात. तिथे रोज तीस-चाळीस षटकं फिरकी खेळावी लागते, ती सवय सुटली की मातीवरचा आपला हक्कही सुटतो. २०२४-२५ च्या हंगामात आपल्या हर्ष दुबेनं रणजीत ६९ बळी घेतले, एका मोसमातला विक्रम. तसल्या गोलंदाजासमोर महिनाभर उभं राहिलेले फलंदाज हार्मरसमोर इतके गोंधळले नसते, असं मला मनापासून वाटतं.

विदर्भाचंच घे. २०१७-१८ ला आपण पहिल्यांदा रणजी जिंकलो, तेव्हा बाद फेरीचा एकही सामना नागपुरात नव्हता: सुरत, कोलकाता, इंदूर. कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकला पाच धावांनी हरवलं, रजनीश गुरबाणीनं बारा बळी घेतले. पुढच्या वर्षी अंतिम सामना जामठ्यावर झाला, सौराष्ट्रविरुद्ध ७८ धावांनी जिंकलो. डावखुऱ्या आदित्य सरवटेनं अकरा काढले आणि पुजाराला दोन्ही डावांत एक आणि शून्यावर परत पाठवलं. पहिलं विजेतेपद वेगवान गोलंदाजानं परक्या मैदानावर मिळवून दिलं, दुसरं फिरकीपटूनं घरच्या. नागपुरात कोणी दुसऱ्याला अर्धं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

पुढच्या वेळी मायदेशात कसोटी असेल तेव्हा पहिल्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत फक्त एवढंच बघ: खेळपट्टीवर चेंडू पडल्यावर धूळ उठते का, आणि चांगल्या लांबीचा चेंडू कधी कमरेला तर कधी घोट्याला असा येतो का. तसं असेल तर निकाल कोणाच्याही बाजूनं लागो, त्यावरून संघाबद्दल मत बनवू नकोस. तसं नसेल, आणि तरीही पाहुणे पावणेदोनशेत संपले किंवा आपण संपलो, तर मित्राला फोन कर आणि तो सामना शेवटपर्यंत त्याच्यासोबत बसून पाहा.